अयोध्याबाई, कामावर हजर

येडशीच्या सहकारी तेलगिरणीच्या गेटवर मी बारा वर्षं काढली. एवढ्या काळात मी व्यापारी अडवले, पुढारी अडवले, एकदा तर चेअरमनसाहेबांची म्हैस अडवली आणि तिच्याकडं पास मागितला, असं लोक अजून सांगतात. ते खोटं आहे. पास मी म्हशीमागच्या गड्याकडं मागितला होता. पण वर्षाहून जास्त काळ रोज सकाळी आठच्या ठोक्याला जिला मी अडवलं, ती अयोध्याबाई ओव्हाळ. तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत, म्हणून मीच बसलो आहे. माझं नाव बंडप्पा. शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, उर्दू चौथी. मराठी वाचायला चांगली येते, लिहायला हात जड पडतो. एका पानाला अर्धा दिवस जातो, पण आता रिकामाच आहे, जाऊ दे.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात, खडीच्या कामावर. तेव्हा अर्धा तालुका दगड फोडत होता, मीही फोडत होतो. खडी मोजायला बिनबुडाची लाकडी पेटी असायची. ती जमिनीवर ठेवायची, काठोकाठ भरायची आणि वर उचलून घ्यायची, की एक माप झालं. आमचा मुकादम ही पेटी रोज एकाच जागी ठेवायचा. तिथं चांगला वीतभर खड्डा होता, आणि पेटीबरोबर तो खड्डाही आम्हीच भरत होतो. हे सगळ्यांना दिसत होतं. मला तर पहिल्या दिवशीच दिसलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो, कारण गप्प बसणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

एका सकाळी एक ठेंगणी, तिशीची बाई पुढं आली, तिनं पेटी उचलली आणि चार पावलं पलीकडं सपाट जागेवर नेऊन ठेवली.

मुकादम म्हणाला, "आगं, पेटीची जागा तिथं हाय."

"तिथं खड्डा हाय, मालक. म्या खडी फोडाया आले. खड्डा बुजवायचा आसंल तर त्याची मजुरी येगळी लावा."

असं म्हणून ती हसली. तिचं हसणं काही साधं नव्हतं. पोटातून यायचं आणि शेजारच्या चार जणांना सोबत घेऊन जायचं. मुकादमसुद्धा हसला, आणि हसला तिथंच फसला, कारण हसलेल्या माणसाला पेटी परत खड्ड्यावर नेता येईना. त्या दिवसापासून पेटी सपाटीवर आली. मी घरी जाऊन मालनबाईला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, की आज एक बाई पाहिली, ती भांडताना हसते. मालनबाई म्हणाली, "मग ती जितणार."

दुष्काळ सरला, दोन सालं बरी गेली, शेतकऱ्यांनी शेअर गोळा केले आणि चौऱ्याहत्तर साली स्टेशनच्या अलीकडं तेलगिरणी उभी राहिली. मला गेट मिळालं. शेंगा फोडून आलेले दाणे निवडायला चाळीस बाया घेतल्या, त्यांत अयोध्याबाई होती. शेडमध्ये फरशीवर रांगेनं बसायचं, पुढ्यात दाण्यांचा ढीग, आणि खडा, टरफल, किडका, बुरशीचा दाणा वेचून काढायचा. सकाळी आठचा भोंगा, संध्याकाळी पाचचा भोंगा, मधे तासाची सुट्टी. अयोध्याबाईचा हात असा चाले, की बाकीच्या बाया तिच्या शेजारची जागा धरायला पहाटे निघायच्या. हाताचं कमी, गप्पांचं जास्त कारण असावं. ती बसायची त्या कोपऱ्यातनं दिवसभर हसण्याचा आवाज यायचा, आणि मला गेटवर बसून हसायचं नेमकं कशाला ते कळायचं नाही. याचा मला फार राग यायचा.

सगळं बरं होतं, फक्त वॅगन सोडून. तेलाचे पिंप आणि पेंडीची पोती रेल्वेनं जायची. आमच्या छोट्या लाइनीवर वॅगन कधी लागेल याचा नेम नसे. लागली की त्याच दिवशी भरली पाहिजे, नाहीतर रेल्वे दंड लावणार. मग पाचचा भोंगा झाला तरी बायांना सोडत नसत. पेंड पोत्यांत भरा, सुतळीनं तोंड शिवा, आठ वाजोत नाहीतर नऊ. त्याबद्दल काय, तर जाताना गुळाचा एक खडा आणि ओंजळभर शेंगा. सात वर्षं हे असंच चाललं. बायांना वाटायचं, गिरणी शेतकऱ्यांची, म्हणजे आपलीच. आपल्या घरच्या कामाला कुणी वेळ मोजतं का? हे त्यांना कुणी शिकवलं होतं ते मला माहीत आहे, पण तो माणूस आता हयात नाही.

एक्याऐंशीच्या सुरुवातीला अयोध्याबाईची गाठ मच्छिंद्रशी पडली. मच्छिंद्र स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, रेल्वेच्या युनियनचा माणूस. त्याचं एक बरं होतं, त्याला नियम पाठ होते, आणि एक वाईट होतं, तो ते न विचारता सांगायचा. अयोध्याबाईनं मात्र विचारलं. ती वॅगनपाशी पोती मोजून द्यायला गेली होती. रात्रीचे आठ वाजत आले होते.

मच्छिंद्र म्हणाला, "मावशे, तुमी आजून इथं कशा? सातच्या पुढं बायांना कारखान्यात ठिवता येत न्हाय. कायदा हाय."

"आन् पाच ते सात?"

"ठिवता येतंय. पर दुपटीनं. एका तासाला दोन तासांचा पगार."

"गूळ धरून का गूळ सोडून?"

मच्छिंद्रनं मला हे नंतर सांगितलं, तेव्हा तो अजून हसत होता. पण अयोध्याबाईनं ते हसण्यावारी नेलं नाही. घरी जाऊन नवऱ्याला, बिभीषणला सांगितलं. बिभीषण रामलिंगच्या जंगलात वनखात्याच्या रोपवाटिकेत पाणी घालायचा. फार बोलायचा नाही. तो एवढंच म्हणाला, "तुला पटलं नव्हं? मग मला काय इचारती?"

अकरा मार्चला वॅगन लागली. पाचचा भोंगा झाला. अयोध्याबाईनं पदर झटकला आणि ती उठली. उठली ती एकटीच. बाकीच्या एकोणचाळीस जणी मान खाली घालून बसल्या. शेडच्या दारात मॅनेजर हिंमतराव उभे होते. तरुण माणूस, कॉलेजातनं बी.कॉम. होऊन आलेला, संचालकांना फार भिणारा.

"कुठं निघालात?"

"घरी. भोंगा झाला की, साहेब."

"वॅगन लागलीय बाहेर."

"लागू द्या. दुपटीनं लावा, सातपत्तुर थांबते. मला काय, चार पैसं आलेले बरंच."

"आणि नाही लावले तर?"

"मग जाते."

आणि ती गेली. माझ्यासमोरून, उन्हात, हात हलवत गेली. मला म्हणाली, "अप्पा, येते." मी नेहमीप्रमाणं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतरावांनी मला बोलावून सांगितलं, की त्या बाईला आत घ्यायचं नाही. ती आली तेव्हा तिला तिथूनच ऑफिसात नेलं. एक टाइप केलेला कागद तिच्यापुढं सरकवला आणि अंगठा कर म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं, की बौद्धवाड्यातल्या विहारात प्रौढांचा संध्याकाळचा वर्ग चालायचा आणि दोन वर्षांपासून ती त्या वर्गाला जात होती. ती म्हणाली, "वाचते आदी." आणि खुर्ची ओढून बसली.

एकेका अक्षरावर बोट ठेवून ती वाचू लागली. मी दारात उभा होतो. हिंमतरावांनी घड्याळ पाहिलं, कारकुनानं टेबल आवरलं, पुन्हा आवरलं. फोन वाजून बंद झाला. जोडाक्षर आलं की ती थांबायची, ओठांनी फोडायची, पुढं जायची. "स्व… खु… शी… नं." पाच ओळींचा कागद वाचायला तिला वीस मिनिटं लागली. मग तिनं तो व्यवस्थित घडी घालून परत दिला.

"साहेब, ह्यात लिवलंय, म्या घरच्या आडचणीपायी सोताच्या खुशीनं काम सोडते. मला घरी आडचण न्हाय आन् खुशी बी न्हाय. खोट्यावर सही कशी करू?"

सही केली नाही. काढून टाकल्याचा कागद गिरणीनं दिला नाही. सात वर्षांच्या नोकरीला ना नोटीस, ना चौकशी. तिला कामावर घ्यायचं नाही, एवढंच. तिची सगळी नोकरी आता माझ्या गेटच्या लोखंडी कडीवर येऊन थांबली.

मच्छिंद्र तिला म्हणाला, "ह्यांचा डाव सांगू? उद्या हे म्हणणार, बाईच आली न्हाय. तुमी घरी बसल्या का तितंच हारल्या. तवा रोज आठला गेटावर जायाचं. आत घेवोत न घेवोत. कामावर आले म्हनायचं. एक दिस चुकवायचा न्हाय." तिकडं युनियनच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी शहरातल्या लेबर कोर्टात तिची तक्रार दाखल केली.

आता माझी अडचण सांगतो. जानेवारीत पेंडीची काही पोती गायब झाली होती, म्हणून हिंमतरावांनी लेखी आदेश काढला होता, की गेटपाशी येणाऱ्या बाहेरच्या प्रत्येक माणसाची नोंद झाली पाहिजे. नाव, गाव, वेळ, काय काम, परत कधी गेला. कामगारांची नोंद आत वेगळी, बाहेरच्यांचं रजिस्टर माझ्याकडं. मी विचारलं होतं, "साहेब, मराठीत लिवायला मला टाइम लागतो, उर्दूत लिवू का?" ते म्हणाले, "चिनीत लिहा, पण लिहा." तेव्हापासून मी उर्दूत लिहीत होतो आणि दर शनिवारी साहेब खाली सही करत होते. तपासले म्हणून.

तेरा मार्चला आठ वाजता अयोध्याबाई आली. "अप्पा, कामावर आले."

"आत घ्यायचा हुकूम न्हाय, बाई."

ती गेली. आणि मी विचारात पडलो. ही कामगार असेल, तर मला हिला आत सोडलं पाहिजे. हिला आत सोडायचं नाही, म्हणजे ही बाहेरची. बाहेरची असेल, तर हिची नोंद झाली पाहिजे. झालं. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: अयोध्याबाई, साकिन येडशी, आठ बजे, काम पर हाजिर, अंदर लेने का हुकुम नहीं, वापस.

लोक नंतर म्हणू लागले, की बंडप्पानं डोकं लढवलं, बंडप्पानं बाईला वाचवलं. मी खरं तेच सांगतो. मी डोकंबिकं काही लढवलं नाही. मी आदेश पाळला. तिला आत सोडायची माझी छाती नव्हती, आणि नोंद गाळायचीही नव्हती. माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग झाला असेल, तर तो तेवढाच एकदा.

रोज आठला ती यायची, धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून, भाकरी फडक्यात बांधून, अगदी कामाला यायची तशी. माझं उत्तर ऐकायची आणि तिथूनच कुणाच्या तरी शेतात रोजगाराला जायची. पावसात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आली. तापात बिभीषणचा खांदा धरून आली. भोंगा वाजवणाऱ्या पोराला म्हणे घड्याळ बघायची गरज राहिली नाही. ती वळणावर दिसली की तो दोरी ओढायचा. महिन्या-दोन महिन्यांत माझीच पंचाईत झाली. आठ वाजत आले की मी रस्त्याकडं बघत बसायचो. एखादं मिनिट उशीर झाला की उठून उभा राहायचो. अडवायचं मीच आणि वाट बघायची मीच. मी घरी हे सांगितलं, तर मालनबाई म्हणाली, "तुमाला लाज कशी वाटत न्हाय?" वाटत होती.

शेडमधल्या बायाही तिच्याशी बोलायच्या नाहीत, भीतीनं. हरणाबाई म्हणून एक होती, ती तेवढी गेटमधनं जाताना हळूच तंबाखूची पुडी तिच्या हातात सरकवायची. अयोध्याबाई कुणावर चिडली नाही. "त्यांची बी लेकरं हायती, अप्पा," म्हणायची. पण एकदा, दिवाळीच्या आधी, ती नेहमीसारखं हसली नाही. "अप्पा, हात इसरून जातील का वो निवडायचं?" असं विचारून तशीच गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

डिसेंबरात तिच्या मुलीचं लग्न होतं, विहारात, दहा वाजता. मी मनात म्हटलं, आज काही ही येत नाही. पावणेआठला बँडचा आवाज आला. बघतो तर हिरवा चुडा भरलेली अयोध्याबाई पुढं, मागं बँडवाले, त्यांच्या मागं वऱ्हाड, आणि वऱ्हाडात बिभीषण नवी टोपी सावरत. सगळे गेटपाशी थांबले. बँड थांबला.

"अप्पा, कामावर आले."

मी म्हणालो, "हुकूम न्हाय, बाई."

"बरं. मग ह्ये घ्या." तिनं दोन लाडू माझ्या हातावर ठेवले. "एक तुमाला, एक साहेबास्नी. लेकीचं लगीन हाय." बँड पुन्हा वाजू लागला आणि वरात वळून विहाराकडं गेली. मी साहेबांचा लाडू साहेबांना पोचवला. त्यांनी कागदपत्रं बघता बघता तो खाल्ला, आणि मग विचारलं, "कुणाचा?" मी सांगितलं. मी गेटवर येऊन सगळं जसंच्या तसं लिहिलं. शनिवारी साहेबांनी सही केली.

फेब्रुवारीत कोर्टाची तारीख लागली. गिरणीचं म्हणणं मच्छिंद्रनं सांगितलं होतं तेच: बाईला कुणी काढलं नाही, तीच यायची बंद झाली. पुरावा काय? हिंमतराव म्हणाले, आमच्याकडं गेटचं रजिस्टर आहे. आतल्या हजेरीत नाव नाही, आणि गेटवरचा माणूस सांगेल, की बारा मार्चनंतर ती कधी आत आलेली नाही. म्हणून रजिस्टर काखोटीला मारून मला साक्षीदार म्हणून नेलं. गिरणीचा साक्षीदार. दोन गाड्या बदलेपर्यंत मी सांगू की नको करत होतो. त्यांनी विचारलं नाही. आणि मी, तुम्हाला माहीतच आहे, गप्प बसलो.

कोर्टात गिरणीच्या वकिलांनी विचारलं, "बारा मार्चनंतर अर्जदार बाई गिरणीच्या आत आल्या का?"

"न्हाय."

"रजिस्टर तुम्ही लिहिता?"

"व्हय."

"दर शनिवारी मॅनेजर तपासून सही करतात?"

"व्हय."

वकील समाधानानं बसले. मग अयोध्याबाईचे म्हातारे वकील उठले. त्यांनी रजिस्टर हातात घेतलं आणि चष्मा पुसला. "हे तर उर्दूत आहे. तेरा मार्चची पहिली नोंद वाचा बरं."

मी वाचली. "अयोध्याबाई, साकिन येडशी, आठ बजे, काम पर हाजिर, अंदर लेने का हुकुम नहीं, वापस."

जज्जसाहेब पुढं झुकले. "चौदा मार्च?"

"अयोध्याबाई, साकिन येडशी, आठ बजे, काम पर हाजिर…"

"पुढं?"

"पुढं बी त्येच, साहेब. समदीकडं त्येच हाय."

कोर्टातल्या एका जुन्या कारकुनाला उर्दू येत होती. त्यांना जवळ बोलावलं. त्यांनी पानं उलटून पाहिली, मोजली आणि सांगितलं, की बाईच्या दोनशे एकोणऐंशी नोंदी आहेत, सुट्ट्या सोडून एक दिवस चुकलेला नाही, आणि प्रत्येक आठवड्याखाली मॅनेजरांची सही आहे. एका नोंदीवर ते अडखळले. "इथं लाडू असं काहीतरी आहे."

मी म्हणालो, "लेकीचं लगीन व्हतं. दोन लाडू दिले. एक मला, एक मॅनेजर साहेबास्नी."

"मॅनेजरांनी खाल्ला?" वकिलांनी विचारलं.

"खाल्ला."

जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मागच्या बाकावर अयोध्याबाई बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला, पण तिचं हसणं पदरानं थांबणारं नव्हतं. ते बाहेर आलं आणि शिपायासकट सगळे हसले. हिंमतरावांचे कान लाल झाले होते.

परतीच्या गाडीत ते माझ्यासमोर बसले. बार्शी मागं पडली. मी मनातल्या मनात गेट सोडून दुसरं काय करता येईल ते शोधत होतो. येडशी जवळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, "बंडप्पा, उर्दू वाचायला शिकायचं म्हटलं तर किती दिवस लागतात?"

"सहा म्हैने," मी म्हणालो.

"उद्यापासून शिकवा." आणि खिडकीकडं तोंड करून ते हसू लागले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भित्रा माणूस मी लांबून ओळखतो.

एप्रिलात निकाल आला. बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे, तिला तिच्या जुन्याच जागेवर घ्यावं, मधल्या काळाचा पगार द्यावा, आणि नोकरी एक दिवसही खंडित झाली नाही असं धरावं. महिन्याभरात कारखान्यांचे निरीक्षकही येऊन गेले. शेडच्या भिंतीवर पाटी लागली, की पाचनंतर काम दुपटीनं आणि सातनंतर बायांना सुट्टी. ती पाटी बायांना अयोध्याबाईनंच वाचून दाखवली, बोट न ठेवता. ती ज्या सकाळी कामावर आली, तेव्हा चाळीसच्या चाळीस, म्हणजे एकोणचाळीस बाया शेडबाहेर येऊन उभ्या होत्या. हरणाबाईनं तिला मिठी मारली ती सोडेना. मी गेटची दोन्ही दारं उघडली. एरवी ती फक्त ट्रकसाठी उघडत असत. माझे डोळे भरून आले होते, आणि मी ते लपवलेही नाहीत.

पंधरा दिवसांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी येऊन बसली.

"अप्पा, तुमी सकाळी किती वाजता येता?"

"सहाला. गेट उगडाया."

"आन् जाता कवा?"

"श्येवटचा ट्रक गेला की. आठ. कदी नऊ."

"सुट्टी?"

"गेटाला कसली सुट्टी?"

ती बोटांवर तास मोजू लागली. दोन्ही हातांची संपली, मग पुन्हा पहिल्यापासून. आठ वर्षं मी चाळीस बायांच्या, शंभर गड्यांच्या, ट्रकांच्या, वॅगनींच्या, म्हशींच्यासुद्धा वेळा जपल्या होत्या. आपणही सकाळी कधीतरी येतो आणि कधीतरी जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "कागुद हाय का? म्या लिवते. तुमच्या उर्दूचं काम न्हाय, मराठीतच लिवते. जोडाक्षर आलं तर तेवढं सांगा."

पाऊण तास लागला. वळणदार नव्हतं, पण एकेक अक्षर सुटं आणि ठळक होतं. अर्ज तिनं स्वतः ऑफिसात नेऊन दिला. हिंमतरावांनी तो संचालकांपुढं ठेवला, आणि या वेळी पहिल्यांदाच, म्हणे, ते संचालकांशी मोठ्यानं बोलले. एक जूनपासून गेटला दुसरा माणूस नेमला. माझी पाळी सहा ते दोन ठरली.

एक जूनला दुपारी दोन वाजता मी डबा उचलला आणि घराकडं निघालो. रस्त्यात लोक विचारू लागले, अप्पा, तब्येत बरी नाही का? मालनबाई दारात गहू पाखडत होती. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय झालं वो? नोकरी गेली का काय?"

"पाळी संपली."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. सणवार सोडून दिवसाउजेडी आम्ही दोघं घरात समोरासमोर असे कधी बसलेलो नव्हतो. तिनं चहा ठेवला. तो प्यायलो, तरी ऊन होतं. नंतर काय करायचं ते दोघांनाही कळेना, आणि त्याचं आम्हाला फार हसू आलं.

"कुनी केलं ह्ये?" तिनं विचारलं.

"अयोध्याबाईनं."

आमचं घर लिंगायताचं, शिवाशिवीचा कारभार मालनबाईच्या हातात, आणि तो तिनं सासूच्या वरताण चालवला होता. अयोध्याबाईच्या बौद्धवाड्यातलं कुणी आमच्या ओट्याच्या वर चढलेलं नव्हतं. मालनबाई उठली, पडलेलं सूप उचललं, सांडलेले गहू गोळा केले.

"तिला जेवाया बोलवा," ती म्हणाली. "घरात. वट्ट्यावर नगं."

रविवारी अयोध्याबाई आली, बिभीषणला घेऊन. मालनबाईनं दोघांना मधल्या घरात माझ्या शेजारी पाट दिले आणि स्वतः वाढायला उभी राहिली. त्या दिवशी मी पाच भाकरी खाल्ल्या.